स्टुडिओ दोनचा लाल दिवा

स्टुडिओ क्रमांक दोनमध्ये तीन कॅमेरे होते, छताला टांगलेले चोवीस मोठे दिवे होते, पाच मायक्रोफोन, दोन खुर्च्या, एक लांब टेबल, वेगवेगळ्या रंगांचे तीन पडदे, एक शिडी आणि एक काच. काचेपलीकडे नियंत्रण कक्ष होता. हे सगळे मोजून झाले की काचेशेजारी, माणसाच्या डोक्याच्या जरा वर, एक लाल बल्ब उरत असे. मोजणारे बहुतेक वेळा त्याला विसरत. मित्रांनो, तो जुना बल्ब म्हणजे मी.

बल्ब कसा तयार होतो, ते तुम्ही पुस्तकात वाचले असेल. काचेचा फुगा फुंकतात. त्यात केसाहून बारीक तार दोन पायांवर ताणून बसवतात. आतली हवा ओढून घेतात आणि तोंड वितळवून बंद करतात. खाली पितळेचे आटे बसवतात, म्हणजे बल्ब फिरवून घट्ट करता येतो. माझ्या बाबतीत एक पायरी जास्त होती. शेवटी मला लाल रंगात बुडवले आणि उलटे टांगून वाळवले. माझी ताकद फक्त पंधरा वॅट. माझ्या उजेडात कोणाला धड वाचताही येत नाही. पण मी लोकांना काही दाखवावे म्हणून मला केलेच नव्हते. लोकांनी माझ्याकडे पाहावे म्हणून केले होते.

माझे काम सोपे होते. मी पेटलो, म्हणजे सगळा देश बघतो आहे. मी विझलो, म्हणजे आता आपण आपल्यातच. आमच्या राष्ट्रीय दूरचित्रवाणी वाहिनीवर कोणी "सुरू" किंवा "संपलं" असे ओरडून सांगत नसे. कॅमेऱ्यांवर एके काळी स्वतःचे छोटे दिवे होते. ते एकेक करून बंद पडले आणि कोणी दुरुस्त केले नाहीत. मी होतो ना! स्टुडिओची व्यवस्था पाहणाऱ्या माणसाला सगळे मुकादम म्हणत. सुरुवातीच्या वर्षांत तो मला रोज सकाळी फडक्याने पुसत असे आणि म्हणे, "बाकीच्यांना उजेडाचं काम, ह्याला इज्जतीचं." पुढे त्याची कामे वाढली. माझ्यावर धूळ साचू लागली. तरीही माझ्यावरचा विश्वास कमी झाला नाही. विश्वास ठेवायला पुसावे लागत नाही.

वर्षानुवर्षे पेटत विझत राहिल्यामुळे मला माणसांचे दोन दोन चेहरे पाठ झाले. सगळ्यांत जास्त पाठ होते थोरलीचे.

थोरली आमची मुख्य निवेदिका. मुलांच्या कार्यक्रमात ती मावशी असे, आरोग्याच्या कार्यक्रमात ताई असे, आणि गाण्यांच्या कार्यक्रमात तर असे बोले, की ऐकणाऱ्याला वाटावे, ही फक्त माझ्याशीच बोलते आहे. देशभरातून तिला मुलांची चित्रे येत. मी पेटलेला असेपर्यंत तिच्या तोंडून वावगा शब्द कधी निघाला नाही. पण मी विझलो, की त्याच श्वासात तिचे हसू उतरायचे आणि जीभ सुटायची. रंगभूषा करणाऱ्या बाईला ती म्हणे, "अगं, चेहरा आहे हा, भिंत नाही. गिलावाच करायचा असता तर गवंडी नसता बोलावला?" कार्यक्रमांचे संचालक शब्द ओढत ओढत बोलत. त्यांना सगळे साहेब म्हणत. थोरली त्यांची अशी झकास नक्कल करायची की कॅमेरावाले पोट धरून बसत. साहेबांना ते ठाऊक होते. स्टुडिओतले लोक माझ्या विझण्याची वाटच बघत. आज कोणाची पाळी, एवढाच प्रश्न असे. ज्याची पाळी येई तो सोडून बाकीचे सगळे हसत.

सर्वांत जास्त वेळा पाळी यायची धाकटीची. धाकटी म्हणजे थोरलीची सख्खी बहीण. आईवडील गेल्यावर ती थोरलीच्याच घरी राहायला आली होती आणि थोरलीच्याच शब्दावर नोकरीला लागली होती. काम होते फलक धरण्याचे. निवेदिकेने काय बोलायचे, ते मोठ्या अक्षरांत लिहिलेले पुठ्ठे ती धरून उभी राहायची. तिची उभे राहण्याची जागा बरोबर माझ्या खाली होती. थोरलीची नजर एकाच ठिकाणी राहावी, म्हणजे शब्दही दिसावेत आणि मीही दिसावा, म्हणून ती जागा ठरली होती. दिवसभर तिचे केस माझ्यापासून वीतभर अंतरावर असत.

आता त्या दिवसाचे सांगतो.

वाहिनीचा वर्धापनदिन होता. सकाळच्या व्यायामापासून संध्याकाळच्या बातम्यांपर्यंत सगळे कार्यक्रम स्टुडिओ दोनमधून थेट जाणार होते. व्यायाम, स्वयंपाक, बागकाम, मुलांचा कार्यक्रम, गाणी, विनोदी नाटुकले आणि बातम्या. बातम्या सोडून सगळ्यांची निवेदिका थोरलीच. आणि बातम्यांचे काय, ते साहेबांनी सकाळीच तिला सांगितले होते. "ताई, आजचा दिवस नीट पार पाडा. संध्याकाळच्या बातम्यांची खुर्ची आजपासून कायमची तुमची." त्या खुर्चीसाठी थोरली कित्येक वर्षे थांबली होती. मावशीचा चेहरा वय वाढले की बदलतात. बातम्यांचा चेहरा वय वाढले तरी चालतो, असा तिचा हिशेब होता. पण त्या खुर्चीसाठी धाकटीनेही आवाजाची चाचणी दिली होती.

व्यायामाचा कार्यक्रम संपला. मी विझलो. धाकटीने पुठ्ठे खाली ठेवले आणि हळूच विचारले, "ताई, साहेब माझ्या चाचणीबद्दल काही म्हणाले का गं?"

"म्हणाले ना," थोरली केस सारखे करत मोठ्याने म्हणाली. "मलाच विचारलं, धाकटीला बातम्या जमतील का? मी म्हटलं, तिला पुठ्ठे धरायला जमतात, तेवढं पुरे."

"खरंच असं म्हणालीस?"

"खोटं कशाला बोलू? तू बातम्या वाचायला बसलीस तर लोकांना वाटेल, देशात कोणीतरी मोठं माणूस गेलंय. आवाज आहे का तो? ओलं लाकूड पेटवल्यासारखा. नुसता धूर."

कॅमेरावाले हसले. मुकादमही हसला.

"आणि तोंड पाडू नकोस," थोरली पुढे म्हणाली. "मी खुर्चीवर बसले की तुझीही बढती होईल. बातम्यांच्या टेबलावर पाण्याचा पेला कोणी ठेवायचा? तू."

पुन्हा हशा झाला. धाकटीही हसली. तिचे हसणे सगळ्यांच्या नंतर थांबले.

मग मी पेटलो आणि स्वयंपाकाचा कार्यक्रम सुरू झाला. थोरलीने पातेल्यातल्या वाफेचा असा वास घेतला की काचेपलीकडच्यांनाही भूक लागावी. बागकामात तिने एका रोपाला "बाळा" म्हटले. धाकटी माझ्याखाली उभी राहून एकामागून एक पुठ्ठा धरत होती. तिचा हात स्थिर होता. एवढा स्थिर हात मी तिचा पूर्वी पाहिला नव्हता.

दुपारी मुलांचा कार्यक्रम आला. सात मुले होती. त्यांत एक चिमुरडी बोलताना अडखळायची. तिने कोणालाही न सांगता वाहिनीला पत्र पाठवले होते, की मला मावशीला कविता म्हणून दाखवायची आहे. तिची आई काचेपलीकडे नियंत्रण कक्षात, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. मुलगी कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. पहिला शब्द यायलाच फार वेळ लागला. "आ... आ... आभाळ..." तिच्या मानेची शीर फुगली होती. पण ती थांबली नाही. चारही ओळी तिने पुऱ्या केल्या. शेवटचा शब्द सुटल्यावर तिने असा श्वास सोडला, जणू दोन्ही हातांनी धरलेले काही जड खाली ठेवले.

"शाब्बास गं माझी चिमणी!" थोरलीने तिला जवळ घेतले. "मुलांनो, पाहिलंत ना? मनात आणलं की सगळं जमतं. आता सगळ्यांना टाटा करा बरं!"

त्या कार्यक्रमाची एक पद्धत होती. शेवटी बराच वेळ मुले हात हलवत आणि "टाटा" ओरडत. तो आवाज घरोघरी जावा म्हणून मायक्रोफोन उघडे ठेवत. मग मी विझायचो. त्या दिवशी मुले हात हलवत होती, थोरली हात हलवत होती, आणि पुठ्ठे धरायचे काम संपल्यामुळे धाकटीचे हात मोकळे झाले होते.

तिने हातरुमाल काढला. मी तापलेला असतो, हे तिला ठाऊक होते. कॅमेरे थोरलीकडे वळलेले होते आणि कॅमेरावाले कॅमेऱ्यांत डोळे घालून होते. तिने रुमालातल्या हाताने मला धरले आणि अर्धा फेरा उलटा फिरवला. माझा तळ होल्डरमधल्या विजेच्या पट्टीपासून सुटला. केसाएवढे अंतर. वीज थांबायला तेवढे पुरते.

मी विझलो. कार्यक्रम चालूच होता.

थोरलीने माझ्याकडे पाहिले. तिचा हलणारा हात खाली पडला.

"सुटले बाई!" ती म्हणाली. "कुठून धरून आणता रे असली? चार ओळी म्हणायला अर्धा जन्म लागला. तोंडात बोळा कोंबल्यासारखं बोलतंय कार्टं. हिच्या आईला सांगा, असलं पोर घरात झाकून ठेवायचं असतं, देशाला दाखवायचं नसतं."

काचेपलीकडे यंत्रचालकाचा हात बटणाकडे झेपावला. साहेबांनी तो मनगटाला धरला. काचेतून आवाज येत नाही, पण ओठ दिसतात. साहेब म्हणाले, "थांब. बोलू दे." ते शब्दही त्यांनी ओढत ओढतच म्हटले असणार.

थोरली बोलत राहिली. "आणि ती घरोघरची माणसं! आ वासून बसलेली. माझ्या जागी धोंडा ठेवला ना, तरी म्हणतील, वा मावशी, वा!" तिने हसण्यासाठी कॅमेरावाल्यांकडे पाहिले. आज कोणी हसत नव्हते. बाकीची मुले हात खाली घेऊन एकमेकांकडे बघत होती. ती अडखळणारी मुलगी मात्र अजून कॅमेऱ्याकडे पाहून हात हलवत होती. थांब असे तिला कोणी सांगितले नव्हते. तिला वाटले, देश अजून बघतो आहे. तिचेच बरोबर होते.

मग साहेबांनी मनगट सोडले. प्रक्षेपण तोडून दूरचित्रवाणीच्या पडद्यावर फुलांचे चित्र लावले गेले, आणि साहेब दार उघडून आत आले.

"ताई, आपण प्रक्षेपणात होतात."

"काहीतरीच काय!" थोरली हसली. "दिवा बघा की."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. मी काळपट लाल, थंड होत चाललेला. काही सांगायचे तर मला पेटावे लागते, आणि तेच मला शक्य नव्हते.

"बल्ब उडाला वाटतं, साहेब," धाकटी पुढे होऊन म्हणाली. "ताईचा काहीच दोष नाही. तिला कळणार कसं?"

"बल्ब उडाला असेल," साहेब म्हणाले. "पण ते शब्द काही बल्बाने शिकवले नव्हते."

मुलीची आई आत आली होती. तिने मुलीच्या गालावरची पावडर तळहाताने पुसून टाकली. मुलगी विचारत होती, "आई, मी चु... चुकले का गं?"

"अहो, मी तुमच्या मुलीबद्दल नव्हते हो बोलत," थोरली घाईने म्हणाली.

"मग कोणाच्या?" आईने विचारले. मग मुलीला घेऊन गेली.

मुकादमाने मला काढले आणि माझ्या जागी नवा बल्ब बसवला. तो चकचकीत होता. "गेला बिचारा," असे म्हणून त्याने मला धाकटीच्या हातात दिले. तिने मला रंगभूषेच्या खोलीतल्या केराच्या डब्यात टाकले.

साहेबांनी थोरलीला सांगितले की उरलेला दिवस धाकटी सांभाळेल. पण वाहिनीची गाडी सगळ्यांना संध्याकाळी एकदमच घरी सोडत असे, म्हणून थोरलीला त्याच खोलीत बसून राहावे लागले. भिंतीवर एक दूरचित्रवाणी संच होता. तो बंद करायची परवानगी नव्हती. थोड्या वेळाने थोरली वाकली आणि तिने मला केरातून उचलले. ती मला तळहातावर घेऊन बसली. आपला घात कोणी केला हे माणसाला जाणून घ्यायचे असते, आणि त्या खोलीत मीच एकटा सापडलो होतो.

धाकटीला तयार करायला रंगभूषावाली आली. "जरा सरका हो ताई, खुर्ची लागतेय," ती म्हणाली. मग धाकटीच्या गालावर हात फिरवत म्हणाली, "तुमचं काम सोपं आहे हं. तुम्हाला गिलावा नाही लागत." थोरलीने खुर्ची सोडली आणि ती खोक्यावर बसली. त्या खोलीत तिला कोणी पाणीसुद्धा विचारले नाही.

संचावर एकामागून एक कार्यक्रम येत गेले. गाणी झाली. मग विनोदी नाटुकले लागले. त्यातल्या नटाने डोक्यावर बायकी टोप चढवला, कॅमेऱ्याकडे पाहून गोड हात हलवला, मग हात धपकन खाली टाकला आणि म्हणाला, "सुटले बाई!" संहितेत ते नव्हते. नाटुकल्यासाठी स्टुडिओत बोलावलेले प्रेक्षक एवढे हसले की त्याने ते आणखी दोनदा केले. थोरली तोंड उघडे ठेवून पाहत राहिली. नक्कल हुबेहूब होती. नक्कल हुबेहूब कधी होते, हे तिच्याइतके कोणाला कळणार?

मग बातम्या लागल्या. खुर्चीवर धाकटी बसली होती. तिच्या समोरच्या टेबलावर पाण्याचा पेला होता.

"आज दुपारी मुलांच्या कार्यक्रमात घडलेल्या प्रकाराबद्दल वाहिनी दिलगीर आहे," धाकटीने वाचले. "संबंधित निवेदिकेला सेवेतून मुक्त करण्यात आले आहे."

थोरलीला हे तोपर्यंत कोणी सांगितले नव्हते. आपली नोकरी गेल्याचे तिला देशाबरोबरच कळले, आणि तेही बहिणीच्या तोंडून. धाकटीचा आवाज स्वच्छ होता, ठाम होता. एकही शब्द अडखळला नाही. मग तिने हवामान वाचले.

घरी जाताना गाडीत मी थोरलीच्या पर्समध्ये होतो. धाकटी म्हणत होती, "ताई, मला वाचावं लागलं गं. ऐनवेळी कागद समोर ठेवला."

"तू तरी काय करणार?" थोरली म्हणाली. "त्या सगळ्यांत माझ्या बाजूने बोललीस ती तू एकटीच." आणि तिने धाकटीच्या खांद्यावर डोके ठेवले. धाकटीने ते ठेवू दिले. घर येईपर्यंत ती तिच्या केसांवरून हात फिरवत होती.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूचे तुम्हाला एवढेच सांगणे आहे. एखादी गोष्ट बंद पडली, की ती गेली, उडाली, असे लगेच म्हणू नका. फेकण्याआधी हातात घ्या, पुसा, तपासून बघा. पुष्कळदा तिचे काही बिघडलेले नसते. आणि बोलताना दिव्याकडे पाहू नका. ज्याच्याबद्दल आपण बोलतो, तो समोरच उभा असतो. त्याच्यासाठी दिवा कधीच विझत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीखालून शाळेत जाणारी मुले हात हलवून "सुटले बाई!" ओरडत गेली. थोरलीने खिडकी लावली. तिने मला एका फडक्यात गुंडाळले, हातोडी घेतली आणि बाहेरच्या खोलीत आली. तिथे तिच्या नवऱ्याचे कामाचे बाक होते. तो घरीच रेडिओ दुरुस्त करायचा आणि बोलायचा कमी. धाकटी कामावर जायला तयार होऊन चहा पीत उभी होती.

"अगं, काय करतेस?" नवरा म्हणाला. "काच उडेल डोळ्यात."

"उडू दे. ह्यानेच माझा घात केलाय. ऐनवेळी मेला उडाला."

"आण इकडे. फोडण्याआधी बघू तरी."

"बघायचं काय त्यात?"

"आतली तार तुटलीय का ते. लाल रंगामुळे नुसतं बघून कळत नाही. मीटर लावतो. बल्ब उडालेला असेल तर काटा जागचा हलणार नाही. मग फोड खुशाल."

"भावोजी, उडालेलाच आहे तो," धाकटी म्हणाली. "द्या ना फेकून. सकाळी सकाळी कशाला उगीच?"

"उगीच काय? चुटकीसरशी होतं."

"राहू द्या म्हणते ना मी. ताईला आणखी त्रास नको."

थोरलीने हातोडी बाकावर ठेवली. तिने आधी धाकटीकडे पाहिले, मग हातातल्या फडक्याकडे. मग फडके सोडून मला नवऱ्यासमोर ठेवले. "लावा," ती म्हणाली. "मलाही बघायचंय."

धाकटीने कप खाली ठेवला नाही आणि ओठांनाही लावला नाही.

नवऱ्याने माझ्या पितळी आट्यांना एक चिमटा लावला आणि दुसरे टोक माझ्या तळाला टेकवले. तिघेही वाकून बघत होते. मीटरचा काटा डाव्या टोकाला पडून होता. तो उठला, पट्टीवर उजवीकडे सरकला आणि स्थिर झाला.

दोनशे ऐंशी ओहम.